इशारा पातळी

रिपोर्टच्या तीन प्रती मीच काढल्या,
गावभागातल्या माझ्याच दुकानात,
शटर अर्धं खाली ओढून.
थंडीत मशीन गरम व्हायला वेळ घेतं.
'बॉर्डरलाइन' हा शब्द तीनदा बाहेर आला,
तिन्हीदा तितकाच काळा.

मिरजेत शिरगुप्पे मॅडम म्हणाल्या होत्या,
कॅन्सर म्हणता येत नाही.
नाहीच, असंही म्हणता येत नाही.
मग काय म्हणायचं?
त्यांनी पेनाचं टोपण काढलं, परत लावलं.

सन्मतीला ते पटेना.
हळदीच्या पेढीवर दिवाणजी माणूस,
त्याला माल पास लागतो नाहीतर नापास.
विश्रामबागेपर्यंत गाडीवर तीनदा विचारलं,
म्हणजे नक्की काय?
मी म्हणाले, आयर्विनला बेचाळीस फूट.
मग तो गप्प बसला.

सांगलीत हे कुणाला फोडून सांगावं लागत नाही.
चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका,
आणि मधल्या पाच फुटांत आम्ही संसार करतो.
गहू माळ्यावर, फ्रीज विटांवर,
टोनरचे खोके वरच्या फळीला.
कोयनेतून किती सोडलं यावर पैजा लागतात,
लावणाऱ्याचं घर सगळ्यात खाली असतं.
भाकरी थापता थापता विचारायचं, किती झालं?
उत्तर ऐकून पुढची थापायची.

डावं अंडाशय दिवाळीनंतर गेलं,
पपईएवढ्या गाठीसकट.
आता उजव्याचं काय, पिशवीचं काय.
सगळंच काढलं तर काळजी बरीच कमी,
पण छत्तिसाव्या वर्षी पाळी थांबणार,
हाडं, झोप, अंगातून वाफा.
ठेवलं तर दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी, रक्त,
आणि थोड्या जणींचं परत येतं,
कधीकधी फार वर्षांनी.
थोड्या म्हणजे किती, तेही मॅडमनी सांगितलं.
आकडा मी उधारीच्या वहीत मागच्या पानावर लिहिला.
त्याच पानावर जिनगोंडा मामांचे बावीस रुपये आहेत.

जाऊ म्हणाली, काढून टाक की गं,
पोरगी सातवीत गेली,
आता काय लोणचं घालायचंय त्याचं?
मी हसले. टाके दुखले.
खरंच, मूल मला नकोय आणखी.
पण नको असलेली खोली
आणि पाडलेली खोली एक नसते,
हे तिला फोनवर कसं सांगू.

काचपट्ट्या दुसऱ्या मतासाठी मुंबईला पाठवल्या,
माझ्याच काउंटरवरच्या कुरिअरनं.
नाजूक माल, असं मीच लिहिलं.
फॉर्मला किंमत लागते.
बराच वेळ पेन धरून बसले,
मग शंभर रुपये लिहिले.

उत्तर आलं. तोच शब्द.

त्या दिवशी ऊन असतानाच जेवणं आटोपली,
आणि भांडी पुसता पुसता सासूबाई म्हणाल्या,
माझी पिशवी तिसाव्या वर्षी काढली.
कुपवाडच्या डॉक्टरनं ह्यांना विचारलं,
ह्यांनी आमच्या सासऱ्यांना.
मी शेजारच्या खाटेवर जागीच होते.
एवढं बोलून त्यांनी तांब्या पालथा घातला.
तुला विचारायलेत, तर नीट बघून सांग.

रात्रभर नीट बघितलं. काही दिसलं नाही.
दुकानाच्या भिंतीवर एकोणीस सालच्या पुराची रेघ आहे,
माझ्या डोक्यावर चार बोटं.
तिच्याखालीच मी लॅमिनेशन करते,
दाखले, आधार कार्डं, कुणाकुणाचे वाढदिवस.

जानेवारीत मॅडमना म्हणाले, ठेवूया.
कायमचं नाही म्हणत मी. तूर्त.
तूर्त चालेल, त्या म्हणाल्या,
तपासणी मात्र चुकवायची नाही, सहा महिन्यांनी या.

मी बोटांवर मोजलं. जुलै.
मॅडम, पाणी आलेलं असलं तर?
त्या पहिल्यांदाच मोठ्यानं हसल्या,
कागदावरची तारीख खोडली,
आणि म्हणाल्या, मग जूनमध्येच या.